निवताना

अण्णांच्या कामाच्या खोलीत भिंतीला दोन पट्ट्या टांगलेल्या.
एक आपली नेहमीची, शाळेतली.
दुसरीवरचा फूट फुटापेक्षा जरा मोठा.
लहानपणी मी तिला खोटारडी पट्टी म्हणायचे
आणि वहीतला समास मुद्दाम तिनेच आखायचे.

उद्यमनगरचा वास अजून तोच आहे:
जळकी वाळू, काकवी, सागाचा भुसा.
पुण्याची नोकरी सोडून त्या वासात परत आले,
त्याला अकरा महिने झाले.

घरी बसून काय करतेस गं?
अ‍ॅप.
कसलं?
लाकडी पॅटर्नची मापं टाकायची, बीडाचं वजन कळतं.
एवढंच?
एवढंच.

त्या एवढंचमध्ये चार हजार ओळी,
तीनदा बांधून शेवटी काढूनच टाकलेलं लॉगिन
आणि साठवलेल्यातले एक लाख सत्तर हजार.

नाव ठेवलं ओतीव.
आयकॉन केला भट्टीच्या तोंडासारखा, केशरी.
प्रणीत म्हणाला, संत्र्याची गोळी दिसतीया.

मग स्टोअरचा निरोप आला:
बारा माणसं आणा, चौदा दिवस सांभाळा,
मग बघू.

इर्शाद मुजावर, मोल्डर, काच तडकलेला फोन.
लेथवाले मगदूम काका, बोटांना तेल, स्क्रीनला बोट लागेना.
कागलची आत्या, तिला बीड म्हणजे जिल्हा वाटला.
चहाच्या गाड्यावरचा सुबराव, त्याने रोज न चुकता उघडलं
आणि रोज विचारलं, आज काय बघायचं?
प्रणीत. प्रणीतचे तालमीतले पाच मित्र,
त्यांनी स्वतःच्या छातीची मापं टाकून
स्वतःची वजनं काढली.
शेजारची केतकी. तिचा नवरा.
नवव्या दिवशी नवऱ्याने अ‍ॅप उडवलं,
लग्नाच्या व्हिडिओला जागा पाहिजे होती.
मी जिन्यात बसून बोटांवर मोजलं,
अकरा.
पुन्हा पहिल्यापासून.

अण्णा मात्र बघायलाच तयार नाहीत.
अर्धवट काम बापाला दाखवू नये, म्हणाले.

ते बाहेर पडलं एका मंगळवारी, रात्री पावणेदोनला.
वाटलं होतं, काहीतरी होईल.
मागच्या फौंड्रीत ओतणं चालू होतं,
खिडकी लाल झाली, मग नेहमीसारखी काळी.
मी स्वतःच एकदा डाउनलोड केलं.
मग आईच्या फोनवर, तिला न उठवता.

सकाळी अण्णांनी चष्मा पुसला.
एका पुलीच्या पॅटर्नची मापं त्यांनी एकेक करून भरली,
दाढी करताना करतात तसं तोंड करून.
उत्तर आलं, तेरा किलो.
ते उठले. कोपऱ्यातली तीच पुली, ओतून आलेली,
काट्यावर ठेवली.
बारा सहाशे.

लोखंड निवताना आकसतं,
हे त्याला सांगितलंस का?

विसरलो, म्हटलं.
(कोल्हापुरात पोरीही विसरलोच म्हणतात.)

त्यांनी भिंतीवरची दुसरी पट्टी काढून
माझ्या लॅपटॉपवर ठेवली, बोलले नाहीत.
पॅटर्न मोठाच करायचा असतो.
किती मोठा, ते धातू ठरवतो.
अकरा महिने माझ्या डोक्यामागे
ती पट्टी खिळ्याला लटकत होती.

दुपारपर्यंत दुरुस्ती चढवली.
नवीन आवृत्ती, शेवटच्या आकड्यात एक.
त्या आठवड्यात एकूण एकोणतीस जणांनी घेतलं,
त्यातले निम्मे उद्यमनगरातलेच असणार,
सुबरावने दोनदा.

आणि मग एक अनोळखी.
गुरमीत. कुठला, कळत नाही.
तीन तारे, आणि खाली एक ओळ:
पीतल का भी डालो.

मी ती ओळ अण्णांना वाचून दाखवली.
ते रंधा मारत होते. सागाची पातळ साल
गोल गोल होऊन पायाशी पडत होती.

पितळ किती आकसतं?

दीड टक्का धर, म्हणाले,
आणि त्याला विचार, काय ओततोय.